तांब्याचा भोवरा

नमस्कार श्रोतेहो.

आज मला माझ्या पेशाबद्दल बोलायला सांगितलंय. नॅनोकणांचा अभ्यास करणारा संगणकीय भौतिकशास्त्रज्ञ. हे लांबलचक नाव ऐकून आमच्या इमारतीतली मंडळी प्रिंटर घेऊन दारात उभी राहतात. "बघ रे जरा, कागद अडकतोय." मी बघतो. कागद काही निघत नाही. आतून आई म्हणते, "मग इतकी वर्षं शिकलास तरी काय?"

तर काय शिकलो ते सांगतो. धातूचा अगदी चिमुकला कण घ्या, दहा, वीस, पन्नास अणूंचा. तो चिमटीत धरायचा प्रश्नच नाही. म्हणून आम्ही तो संगणकात बांधतो. प्रत्येक अणूला बाकीचे अणू किती ओढतात, किती ढकलतात ते काढायचं, त्याप्रमाणे अणू किंचित सरकवायचा, आणि पुन्हा तेच गणित. सेकंदाचे दहा लाख अब्ज तुकडे केलेत तर त्यातल्या एका तुकड्यात अणू जेवढा सरकेल तेवढाच सरकवायचा. असं लाखो वेळा. हैदराबादला जन्मलेल्या अनीसुर रहमान यांनी 1964 साली शिकागोजवळच्या प्रयोगशाळेत 864 अणू असे हलवून द्रवरूप आर्गॉन संगणकात उतरवला. वायूचं नाव आर्गॉन आणि प्रयोगशाळेचंही आर्गॉन, हा निव्वळ योगायोग.

माझा विषय म्हणजे हे कण कधी वितळतात. आता गुळाची ढेप आणि गुळाची पूड, पाण्यात आधी काय विरघळतं हे तुम्हाला मी सांगायला नको. वितळणं आणि विरघळणं एक नव्हे, मान्य. पण दोन्हीकडे पृष्ठभागच महत्त्वाचा. लोकलच्या दारात लटकणाऱ्याला आतल्यापेक्षा कमी जणांचा आधार असतो ना, तसे पृष्ठभागावरचे अणू. त्यांना शेजारी कमी, म्हणून ते आधी सुटतात. 13 अणूंच्या गोळ्यात 12 पृष्ठभागावर आणि एकच आत. 55 अणूंच्या गोळ्यात 42 पृष्ठभागावर. म्हणजे गाडीभर लोक दारातच! म्हणून लहान कण लवकर वितळतो, म्हणजे कमी तापमानालाच. पुन्हा सांगतो, लहान कण लवकर वितळतो. पुढची गोष्ट याच वाक्यावर उभी आहे.

कारण गॅलियमनं हे वाक्य मोडलं. गॅलियम हा धातू तिशीच्या आतबाहेर, तळहातावर ठेवला तरी वितळतो. त्याचा छोटा पुंजका तर आणखी लवकर वितळायला हवा. 2003 साली अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातल्या जॅरोल्ड यांच्या गटाने असे पुंजके तापवले, तर ते कितीतरी वरच्या तापमानालाही घट्टच. हे असं का, याचं उत्तर दुसऱ्या वर्षी आलं ते आमच्या पुण्यातून. विद्यापीठात डॉ. दिलीप कान्हेरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावर 17 आणि 13 अणूंचे पुंजके वितळवून पाहिले. 17 अणूंचा साधारण 650 केल्विनला वितळला, म्हणजे पावणेचारशे अंश सेल्सिअस. 13 अणूंचा तर 1400 केल्विनच्या आसपास. इतक्या लहान पुंजक्यात गॅलियमचे अणू धातूसारखे ढिले न राहता एकमेकांना पक्क्या बंधांनी धरतात, हे त्यांनी दाखवलं.

आता माझी गोष्ट. मी तेव्हा पुण्यातच, दुसऱ्या एका संस्थेत पीएच.डी. करत होतो. माझा कण तांब्याचा, 55 अणूंचा. गॅलियमचा निबंध वाचून डोक्यात वारं शिरलेलं. गॅलियम मोडतं तर तांबं का नाही?

कण तापवायला घेतला. तांबं 1085 अंशांना वितळतं. मी त्याच्याही वर गेलो. वीज जायची, यूपीएस टूंटूं करायचं, मी धावत जाऊन आकडे जपून ठेवायचो, वीज आली की पुन्हा तिथून पुढे. बावीस दिवस. दर पहाटे आलेख काढायचो, कुठल्याही दोन अणूंमधलं अंतर किती बदललं त्याचा. रेघ सरळ! अंतर ढिम्म बदलत नव्हतं. वितळलेल्या कणात अणू जागा सोडून भटकतात, अंतरं सारखी बदलतात. इथे एक अणू जागचा हलायला तयार नाही. म्हणजे घन. वितळणबिंदूच्या वर, आणि घन!

मी घरी फोन केला. "आई, माझं तांबं वितळत नाहीये." तिला काय कळलं देव जाणे, पण आवाज ऐकून तिनं इमारतभर पेढे वाटले. चांगले खव्याचे. हल्ली दूध पावडरचे पेढे मिळतात, त्यांना पेढे म्हणणं मला मंजूर नाही, पण ते असो.

मी माझ्या पीएच.डी.च्या मार्गदर्शक मॅडमकडे गेलो. आलेख पुढे ठेवला. त्या चहा पीत होत्या. बराच वेळ बघितलं आणि एवढंच विचारलं, "अरे, हा फिरतोय का रे?"

मी म्हटलं, "कोण?"

"तुझा गोळा. चित्र बघितलंस का कधी?"

बावीस दिवस नुसते आकडे बघत होतो, चित्र एकदाही नाही. संगणकावर चित्र लावलं. श्रोतेहो, माझा तांब्याचा गोळा भोवऱ्यासारखा गरगर फिरत होता, आणि फिरता फिरता सुसाट पळतही होता. आतले अणू मात्र गारठल्यासारखे जागच्या जागी!

झालं होतं असं. तापमान म्हणजे अणूंची धडपड. ठरावीक तापमान राखायला मी दर पावलाला सगळ्यांचे वेग थोडे वाढवत-घटवत होतो. या खटाटोपात सगळी ऊर्जा हळूहळू अख्ख्या गोळ्याच्या पळण्यात आणि गिरकीत जाऊन बसते. संगणक हिशेब मांडतो, धडपड पुरेशी आहे, कण गरम आहे. पण आत थंडगार. या चुकीला इंग्रजीत नावही आहे, 'फ्लाइंग आइस क्यूब', उडणारा बर्फाचा खडा. पाकाला वरून उकळी दिसते म्हणून तार आली असं नसतं, बोटांवर घेऊनच बघावं लागतं. ज्यानं आयुष्यात एकदाही पाक बिघडवला नाही त्यानं या विषयात येऊ नये, हे माझं खासगी मत.

गोळ्याचं पळणं आणि फिरणं काढून टाकलं, पुन्हा तापवला. साध्या तांब्याच्या कितीतरी खालीच शहाण्यासारखा वितळला. लहान कण लवकर वितळतो. प्रयोगशाळेत माझं नाव पडलं भोवरा. अजून आहे.

काचेपलीकडून बाई घड्याळ दाखवतायत. या पेशात यायचं कसं, हे सांगायचं राहिलंच. थोडक्यात, भौतिकशास्त्रात एम.एस्सी., प्रवेश परीक्षा, पाच-सहा वर्षं पीएच.डी., मग दोन-तीन वर्षं कुठेतरी पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम, मग नोकरीची वाट बघणं. संगणकाला गणितं सांगायची फोरट्रान भाषा शिका, म्हाताऱ्यांची भाषा म्हणून हसू नका. पायथॉन तर तुम्ही शिकालच.

हां, पेढ्यांचं राहिलं. पुढच्या सुट्टीत घरी गेलो तर जिन्यात तळमजल्यावरचे काका भेटले. म्हणाले, "काय रे, वितळलं का तुझं तांबं?"

मी मान खाली घालून म्हटलं, "वितळलं, काका."

"अरे वा! मग पेढे?"

नमस्कार.