जागा शोधताना डॉक्टर शोधा

श्रोतेहो, नमस्कार.

पशुसंवर्धनाची पदविका करणारी, किंवा नुकतीच संपवून हातानं काम शिकायला जागा शोधणारी जी मुलंमुली आहेत, त्यांच्याशी आज मला बोलायचं आहे. त्यांचे आईवडील ऐकत असतील तर फारच चांगलं. ‘दुसऱ्याच्या दवाखान्यात फुकट राबायचं कशाला?’ हा प्रश्न बहुतेक घरांत त्यांच्याकडूनच येतो. तालुक्याच्या दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी म्हणून काम करताना माझ्या हाताखाली अशी बरीच मुलं शिकून गेली, म्हणून हे सांगायचा अधिकार मी घेतो आहे.

आधी कायद्याचं बोलू, कारण सगळं त्यावर उभं आहे. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानं जनावरांवर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाला दिला आहे. पदविकाधारकांना राज्य सरकार परवानगी देऊ शकतं ती लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी अशा प्राथमिक सेवांची, आणि तीही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. म्हणजे हे काम एकट्यानं करायचं नाहीच. कुणाच्या तरी नजरेखाली, कुणाच्या तरी शब्दावर ते करायचं आहे. म्हणून माझं पहिलं आणि मुख्य सांगणं हे, की जागा शोधताना डॉक्टर शोधा. इमारत, पाटी, शहर हे सगळं नंतर.

मुलं नेमकं उलटं करतात. मोठं नाव बघतात. आपल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथली महाविद्यालयं घ्या. त्यांच्या चिकित्सालयांत दुर्मीळ रोग पाहायला मिळतात, शस्त्रक्रिया पाहायला मिळतात, यात शंका नाही. पण तिथं पदवीच्या मुलांचीही वर्षभराची आंतरवासिता, म्हणजे इंटर्नशिप, चालू असते. जनावराभोवती आधी ती उभी असतात, आणि पदविकेचा मुलगा त्यांच्या खांद्यावरून बघत राहतो. बघण्यानं हात तयार होत नाही. त्यापेक्षा आठवडी बाजाराच्या गावातला, सकाळी जनावर अडकवून धरायच्या खोड्यासमोर गाईम्हशींची रांग लागणारा दवाखाना मी केव्हाही वर धरीन. दूध संघांची पशुवैद्यकीय पथकं आहेत, उरुळीकांचनला १९६७ साली मणिभाई देसाईंनी उभी केलेली ‘बाएफ’ ही संस्था आहे, शेळीपालनाचे मोठे प्रकल्प आहेत. कुत्र्यामांजरांची आवड असेल तर पुण्यामुंबईतली खाजगी क्लिनिकं आहेत, परळचं जनावरांचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. दारं कमी नाहीत.

मग चांगला डॉक्टर ओळखायचा कसा? अर्ज देण्याआधी एक सकाळ त्या दवाखान्यात नुसतं बसून काढा. कुणी हाकलत नाही. केसपेपर लिहिला जातोय का ते पाहा. एका जनावराची सुई दुसऱ्याला टोचली जातेय का ते पाहा. लसीच्या पेटीत बर्फ आहे का, की ती पेटी नुसती कोपऱ्यात पडून आहे? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डॉक्टर आपल्या परिचराशी, मलमपट्टी करणाऱ्या व्रणोपचारकाशी कसे बोलतात ते ऐका. ‘हे असं का झालं, सांग बरं’ असं विचारणारा माणूस तुम्हालाही विचारील. नुसताच ओरडणारा असेल, तर तुमच्या वाट्याला तीन महिने झाडू आणि चहा येईल.

एक सावधगिरी. काही ठिकाणी दुसऱ्याच दिवशी औषधांची बॅग हातात देतात आणि मोटारसायकलवर गावोगाव पिटाळतात. मुलाला वाटतं, केवढा विश्वास! गावात लोक ‘डॉक्टर’ म्हणून हाक मारायला लागतात. ती हाक गोड असते, पण तिथं थांबू नका. तुमच्या हातून गाय दगावली तर तुमच्या मागे कायदा नाही आणि ते डॉक्टरही उभे राहणार नाहीत. शेतकऱ्याचं तर घरच बसतं, कारण दुधाच्या पगारावर त्याच्या मुलांच्या फिया चाललेल्या असतात.

आता मागायचं कसं. फोनवर ‘सर, इंटर्नशिप आहे का?’ असा मेसेज टाकून उत्तराची वाट बघू नका. समक्ष जा, पण गर्दी ओसरल्यावर. बरोबर महाविद्यालयाच्या प्राचार्यांचं पत्र असू द्या. सरकारी दवाखाना असेल तर डॉक्टरांना विचारा, की अर्ज इथंच चालेल की पंचायत समितीत आणि जिल्ह्याच्या पशुसंवर्धन कार्यालयातही द्यावा लागेल. अर्ज एका पानाचा पुरे, पण त्यात स्पष्ट लिहा: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, रोज किती वाजता येईन, राहणार कुठं, आणि आजवर काय काय स्वतः केलं आहे. घरी चार म्हशी असतील आणि धार तुम्हीच काढत असाल, तर ते जरूर लिहा. मुलं हे लपवतात. अरे, ज्याला म्हैस अंगाखाली बसू देते, त्याला डॉक्टर आधी घेतील! नकार आला तर ‘मग तुमच्या ओळखीत कुणाला माणूस हवा आहे का?’ एवढं विचारूनच बाहेर पडा. पशुवैद्यक एकमेकांना ओळखून असतात.

पैशाचंही बोलून घ्या, लाजू नका. विद्यावेतन मिळेलच असं नाही. पण येण्याजाण्याचं पेट्रोल, दुपारचं जेवण, मुक्कामाची सोय, रात्रीच्या फेऱ्या हे पहिल्याच दिवशी ठरलं पाहिजे. मुलींनी तर रात्री विण्याच्या केसला जायचं असेल तेव्हा बरोबर कोण असेल, परतीची सोय काय, हे खुशाल विचारावं. चांगला डॉक्टर या प्रश्नानं चिडत नाही.

जागा मिळाली. पहिल्या दिवशी तुम्हाला सुई देणार नाहीत, जनावर धरायला देतील. यात कमीपणा मानू नका, अर्धं शास्त्र तिथंच आहे. गाईच्या मागून अचानक जायचं नाही. तिला दिसेल असं, आवाज देत, पाठीवर थोपटत जवळ जायचं. दाव्याची गाठ अशी मारायची, की ओढ कितीही बसली तरी एका हिसक्यात सुटली पाहिजे. लाथ मारणारी गाय असेल तर शेपूट मुळाजवळ धरून सरळ वर उचलायचं, बेतानं, पिळायचं नाही. मग थर्मामीटर, तो गुदद्वारात लावायचा. नुसता शेणात खुपसला तर ताप कमी दिसतो, आतल्या भिंतीला टेकला पाहिजे. निरोगी गाईचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइटच्या आसपास असतं, शेळीचं त्याहून थोडं जास्त. मग डाव्या भकाळीवर, म्हणजे बरगड्यांमागच्या खळग्यावर, मूठ दाबून ठेवा आणि घड्याळ लावा. दोन मिनिटांत पोट दोन-तीनदा मुठीला वर ढकलतं. ते जाणवलं नाही, की डॉक्टरांना सांगायचं: ‘सर, रवंथ बंद दिसतंय, पोट हलत नाही.’ ज्या दिवशी तुम्ही न विचारता हे सांगाल, त्या दिवसापासून डॉक्टर तुम्हाला हाताशी घेतील. हे मी खात्रीनं सांगतो.

लसीची पेटी हीसुद्धा तुमचीच जबाबदारी समजा. बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहिल्या पाहिजेत. लाळ्या खुरकुताची लस गोठली तरी वाया जाते, म्हणून बाटली थेट बर्फाच्या पोटात खुपसून ठेवायची नाही. कृत्रिम रेतनाच्या नायट्रोजन टाकीत उणे १९६ अंश असतात. तिथं चिमटा आणि हातमोजा, उघडं बोट नाही. पट्टी घालून नायट्रोजनची पातळी मोजायची आणि वहीत लिहायची. पातळी घसरली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर टाकीतल्या वीर्याच्या सगळ्या कांड्या मातीमोल होतात.

आता स्वतःच्या जिवाचं. काम सुरू करण्याआधीच रेबीजची प्रतिबंधक लस पूर्ण करा, धनुर्वाताची घ्या. अडकलेली वार काढताना, गाभ पडलेल्या गाईजवळ काम करताना उघडा हात लावू नका. ब्रुसेल्ला हा जंतू तिथूनच माणसात येतो, आणि मग महिनोन्महिने ताप आणि सांधेदुखी. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना देतात ती ब्रुसेल्लाची लस जिवंत जंतूंची असते. ती देताना सुई स्वतःला टोचली किंवा थेंब डोळ्यात उडाला तरी लागण होऊ शकते. हातमोजे आणि चष्मा मागा. ‘आम्ही कधी घातले नाहीत’ असं कुणी म्हणालं तरी मागा.

रोज एक वही लिहा. तारीख, गाव, जनावर, काय तक्रार होती, तुम्ही स्वतः काय केलं, डॉक्टरांनी काय केलं. दर शनिवारी त्यावर डॉक्टरांची सही घ्या. शेवटी मिळणाऱ्या एका ओळीच्या दाखल्यापेक्षा ही वही मुलाखतीत जास्त बोलते. दूध संघाचा अधिकारी चार पानं उलटतो आणि त्याला कळतं, की या मुलीनं पोटफुगीची जनावरं खरोखर धरली आहेत.

आणि कधी जायचं, तर आत्ता. पावसाळ्याच्या तोंडावर घटसर्प, फऱ्या आणि शेळ्यामेंढ्यांच्या आंत्रविषाराचं लसीकरण निघतं. वाडीवस्तीवर पहाटेपासून जनावरं धरायची, टोचायची, कानातल्या बिल्ल्याचा नंबर बघून नोंद करायची असते, आणि दवाखान्यात माणसं कधीच पुरी पडत नाहीत. एरवी ‘बघू’ म्हणणारे डॉक्टर या दिवसांत ‘उद्या सहाला ये’ म्हणतात. प्राचार्यांचं पत्र तयार असेल तर याच आठवड्यात आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन या. गमबूट आणि पाण्याची बाटली बरोबर ठेवा. कदाचित त्याच दिवशी गाडीत बसवतील.

नमस्कार.