‘एक्स्पिरियन्स : निल’ लिहायच्या आधी

नमस्कार. सरांनी ओळख करून दिलीच आहे, त्यामुळे डायरेक्ट विषयावर येते. मी एमआयडीसीतल्या कंपन्यांसाठी भरतीचं काम बघते, म्हणजे ट्रेनी, अप्रेंटिस, ऑफिस असिस्टंट, क्वालिटीची मुलं अशा पोस्ट, आणि त्यासाठी जे रेझ्युमे येतात ते बहुतेक तुमच्यासारख्या लास्ट इयरच्या नाहीतर नुकत्याच पास झालेल्या मुलामुलींचे असतात. वर ऑब्जेक्टिव्ह असतं, चॅलेंजिंग वातावरणात काम करून स्वतःची आणि कंपनीची प्रगती करायची आहे वगैरे, मधे हार्डवर्किंग, ऑनेस्ट, पॉझिटिव्ह अॅटिट्यूड आणि खाली एक्स्पिरियन्स : निल. कॅफेवाल्याकडे हा नमुना सेव्हच असतो, तो नाव आणि मार्क बदलून प्रिंट काढून देतो, आणि मग एका वर्गातली सगळी मुलं कागदावर एकसारखी दिसायला लागतात.

मला त्या ‘निल’चं फार वाईट वाटतं, कारण बऱ्याचदा तो खरा नसतोच. पगार मिळाला नाही, घरचंच काम होतं, ऑफर लेटर नव्हतं, म्हणून तुम्ही ते कामात धरतच नाही.

एक मुलगा आला होता, बीएस्सी केमिस्ट्री, फूड कंपनीत लॅब ट्रेनीच्या पोस्टसाठी. रेझ्युमेत काहीच नाही. बोलता बोलता कळलं की मामाची गावात दूध डेअरी आहे आणि हा बारावीपासून सकाळचं संकलन सांभाळतो. म्हटलं, सांग बरं नेमकं काय करतोस. तर म्हणाला मॅडम, सॅम्पल घेतो, मशीनला फॅट आणि एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) लावतो, गाईचं दूध साडेतीन फॅट-साडेआठ एसएनएफच्या खाली आलं की रेट कमी बसतो मग लोक भांडायला येतात, त्यांच्यासमोर परत सॅम्पल लावून दाखवतो, मशीन बिघडलं तर गर्बरने, म्हणजे अॅसिड वापरून हाताने, फॅट काढतो, दर दहा दिवसांनी सगळ्यांची बिलं करतो. गर्बर कसं करतोस विचारलं तर न थांबता सांगितलं, 10 मिली सल्फ्युरिक अॅसिड, त्यावर 10.75 मिली दूध हळूच बाजूने सोडायचं, 1 मिली अमाईल अल्कोहोल, बूच लावून हलवायचं, मग सेंट्रिफ्यूज. अहो, ज्या लॅबमध्ये त्याला जायचं होतं तिथे याच कामाचं ट्रेनिंग देतात! आणि याच्या कागदावर निल.

मग आम्ही बसून ते लिहून काढलं. ‘दूध संकलन केंद्र, गावाचं नाव, अमुक सालापासून, रोज सकाळी. गाय व म्हैस दुधाचे सॅम्पल घेणे, फॅट-एसएनएफ तपासणी, गर्बर पद्धत येते. दहा दिवसांची बिले तयार करणे, तक्रार आल्यास फेरतपासणी.’ बस, एवढंच. क्वालिटी मॅनेजर वगैरे पद लावायचं नाही, कारण इंटरव्ह्यूला पुढचा प्रश्न त्याच्यावरच येतो. रोज किती सॅम्पल होतात हा आकडाही घाला, पण रजिस्टर बघून, मनाने नाही. आणि आधी मराठीत मोठ्याने बोलून बघा, मग साध्या इंग्रजीत लिहा, म्हणजे वाक्य तुमचं राहतं.

आता तुमच्यातल्या कोणाचं किराणा दुकान असेल, उधारीची वही, डिस्ट्रिब्युटरला ऑर्डर, स्टॉक, हे सगळं काम आहे. कॉलेजच्या कमवा आणि शिका योजनेत लायब्ररीत किंवा ऑफिसात बसला असाल तर कुठल्या विभागात, काय केलं ते लिहा. एनएसएस नुसतं ‘एनएसएस’ लिहून सोडू नका, वर्षाला 120 तास आणि सात दिवसांचा कॅम्प, त्यात तुमच्याकडे जेवणाचा हिशोब होता की सर्व्हेचे फॉर्म होते ते सांगा. 2024 ला सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत कुणी ग्रामपंचायतीत नाहीतर शाळेत बसलं असेल तर ते नोकरी म्हणून नको, प्रशिक्षण म्हणूनच लिहा, पण लिहा नक्की. एमएस-सीआयटी, टायपिंगचं 30 किंवा 40 स्पीड, टॅली, हे वर घ्या, शेवटच्या ओळीत ढकलू नका.

काढून काय टाकायचं? धर्म, जात, लग्न झालं की नाही, वडिलांचा व्यवसाय, खालचं ते प्रतिज्ञापत्रासारखं डिक्लेरेशन. सरकारी फॉर्मला यातलं बरंच लागतं म्हणून सवय झालीये, खासगी कंपनीला पाठवायच्या रेझ्युमेत गरज नाही. एक पान पुरे. चौकटी आणि टेबलं कमी ठेवा, पोर्टलवर अपलोड केल्यावर त्यातला मजकूर कधीकधी नीट वाचलाच जात नाही. पीडीएफ करा आणि फाईलला स्वतःचं नाव द्या, ‘रेझ्युमे न्यू फायनल 2’ अशी फाईल परत शोधायला गेलं की आमच्याकडे सापडत नाही.

आणि रेफरन्स म्हणून मामाचा, दुकानदाराचा किंवा एनएसएसच्या सरांचा नंबर देणार असाल तर आधी त्यांना विचारा, कुठल्या कंपनीत अर्ज केलाय ते सांगा, आणि तुम्ही काय लिहिलंय ते वाचून दाखवा. आम्ही फोन करतो, अनोळखी नंबर म्हणून बरेच जण उचलत नाहीत.