मॉर्गन डॉलर आणि मुंबईची टांकसाळ

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकेची जुनी चांदीची नाणी जमवायला लागलेला माणूस बहुधा मॉर्गन डॉलरपाशी येऊन थांबतोच. नाणं चांगलं जडशीळ आहे. वजन 26.73 ग्रॅम, त्यात 90 टक्के चांदी. 1878 ते 1904 आणि पुन्हा 1921 साली हे डॉलर पाडले गेले. मागच्या बाजूला गरुडाच्या पायाशी पानांची माळ आहे, तिच्याखाली भिंगातून बघा, तिथल्या अक्षरावरून टांकसाळ कळते. एस दिसला तर सॅन फ्रान्सिस्को, ओ असेल तर न्यू ऑर्लिन्स, दोन सी असतील तर कार्सन सिटी. काहीच नसेल तर फिलाडेल्फिया.

कॅटलॉगात प्रत्येक साली किती नाणी पाडली ते दिलेलं असतं. पण नुसत्या त्या आकड्यावरून नाणं दुर्मीळ की मुबलक हे ठरवू नका, असं मी अगदी आग्रहाने सांगेन. कारण 1918 सालात आहे, आणि ते थेट आपल्या मुंबईपर्यंत येतं.

पहिलं महायुद्ध चालू होतं. ब्रिटिश सरकार इथून युद्धासाठी माल उचलत होतं, त्याचे पैसे रुपयांत चुकवत होतं. लोकांचा नोटांवरचा विश्वास उडाला. जो तो नोट देऊन बंदा रुपया मागू लागला. सरकारजवळची चांदी संपत आली. तेव्हा अमेरिकेने पिटमन कायदा केला आणि तिजोरीतले 27 कोटींहून जास्त डॉलर वितळवले. त्यातल्या जवळजवळ 26 कोटींची चांदी हिंदुस्थानासाठी निघाली. मुंबई-कलकत्त्याच्या टांकसाळींत तिचे रुपये झाले. एका डॉलरच्या चांदीत सव्वादोन रुपये बसतात! पण भट्टीत कोणत्या सालचे किती डॉलर गेले, याची नोंद कुणी ठेवली नाही.

उलटही घडलं. न्यू ऑर्लिन्सचा 1903 चा डॉलर 44 लाखांवर पाडलेला, तरी तो मिळेनासा झाला होता. सगळे वितळले, असंच लोक धरून चालले. 1962 साली सरकारी तिजोरीतून त्याच्या सीलबंद थैल्या बाहेर आल्या आणि भाव कोसळला.

तुमच्या घरी पंचम जॉर्जचा 1918 चा रुपया असेल तर जरूर काढून बघा. मागे तळाच्या कमळाखाली टिंब असेल, तर तो मुंबईचा. मात्र चिंच किंवा रांगोळी लावून घासू नका. डॉलर असो की रुपया, घासलेल्या नाण्याला जाणकार कमीच किंमत देतात.