सायडर आंबवतं कोण?

ऑक्टोबर उजाडला की इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातल्या बागांत सफरचंदांचा सडा पडतो. ही खायची सफरचंदं नव्हेत. डॅबिनेट, यार्लिंग्टन मिल, किंग्स्टन ब्लॅक... चावा घेतलात तर गोडीमागोमाग तुरटपणा जिभेला धरून बसतो. सायडरला, म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून केलेल्या मद्याला, तो हवाच असतो.

फळं धुतली, दळली. लगदा जाड कापडात गुंडाळायचा, वर लाकडी पट्ट्यांची चौकट, पुन्हा कापड, पुन्हा लगदा. अशी चळत रचून वरून दाब दिला की रस वाहू लागतो आणि हवा लागताच बघता बघता तपकिरी होतो. तो पिंपात भरतात. जुन्या पद्धतीत त्यात यीस्ट, म्हणजे साखरेचं अल्कोहोल करणारे सूक्ष्मजीव, मात्र वरून घालत नाहीत. तरी काही दिवसांत पिंपाच्या तोंडाशी फेस चढतो.

हे यीस्ट सालीवरून येतं, असं सर्रास सांगतात. ते अर्धंच खरं. सालीवर यीस्ट असतं, पण बहुतेक हान्सेनियास्पोरा, मेश्निकोव्हिया अशा जातींचं. हान्सेनियास्पोराची पेशी सूक्ष्मदर्शकाखाली थेट लिंबाच्या आकाराची दिसते, दोन्ही टोकांना निमुळती. पहिला फेस यांचाच. फळांचा सुगंध देणारी एस्टरंही ही यीस्टं बनवतात, पण अल्कोहोल २ ते ४ टक्क्यांपर्यंत गेलं की त्यांचा जोर ओसरतो.

पुढचं काम सॅकरोमायसीस या दुसऱ्या यीस्टचं. गंमत अशी, की बागेतल्या धडधाकट फळावर ते क्वचितच सापडतं. त्याचा मुक्काम असतो दाबाच्या कापडांत, चौकटींत, जुन्या पिंपांच्या लाकडात. वर्षानुवर्षं रस मुरलेलं ते लाकूड मला बागेइतकंच मोलाचं वाटतं.

१८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिस्तियन हान्सेन यांनी एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं. ते बिअरसाठी होतं, पण पुढे सायडरचे कारखानेही त्याच वाटेने गेले. तिथे आंबवण्याचं काम काही आठवड्यांत उरकतं. जुन्या पद्धतीत अख्खा हिवाळा जातो. थंडी असते, आणि यीस्टला वाढायला लागणारं नायट्रोजन रसात मुळातच तुटपुंजं. खत न घातलेल्या जुन्या झाडांच्या फळांत तर आणखी कमी. यीस्ट रेंगाळतं. सायडरची चव या रेंगाळण्यात घडते, असं माझं ठाम मत आहे. गोव्यात फेणीसाठी काजूच्या बोंडांचा रसही यीस्ट न घालताच आंबवतात, पण उन्हाळ्यातल्या त्या उकाड्यात काही दिवसांतच तो भट्टीवर चढवण्याजोगा होतो.

वसंतात ऊब वाढली, की शांत झालेल्या पिंपात पुन्हा बुडबुडे येतात. झाडं फुलली की सायडर जागं होतं, असं जुनी माणसं म्हणत. हे काम लॅक्टिक बॅक्टेरियांचं: सफरचंदातल्या आंबट मॅलिक आम्लाचं ते सौम्य लॅक्टिक आम्ल करतात.

या सगळ्या काळात भीती एकच, हवेची. पिंप वरपर्यंत भरलेलं नसेल, तर मोकळ्या जागेत ॲसिटिक बॅक्टेरिया माजतात आणि सायडरचं व्हिनेगर होतं. म्हणून पातळी उतरली की लगेच भर घालायची, बूच घट्ट लावायचं.

एवढं करूनही, एकाच दिवशी एकाच रसाने भरलेली दोन पिंपं सारखी निघतीलच असं नाही. एकेक पिंप चाखूनच ठरतं, कुठलं तसंच बाटलीत भरायचं आणि कुठलं कशात किती मिसळायचं.