उतरलेले वजन परत का येते?

(दृश्य : पहाट, शिवाजी पार्क)

शिवाजी पार्कच्या कट्ट्याकडेने चालणाऱ्यांची ही रांग सूर्य उगवण्याआधीच सुरू होते. यांतल्या अनेकांनी कधी ना कधी दहा-बारा किलो वजन उतरवलेले असते आणि दोन-तीन वर्षांत ते पुन्हा अंगावर आलेले असते. अशा माणसाला आळशी ठरवणे सोपे असते, घरच्यांना तर फारच सोपे. प्रत्यक्षात त्याची झुंज स्वतःच्याच शरीराच्या राखणदारीशी चाललेली असते.

(दृश्य : दादर स्थानकाबाहेर पदपथावरचा वजनकाटा)

काट्यावरचा आकडा उतरला की आपण सुखावतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसला मात्र त्यात दुष्काळाची चाहूल लागते. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात, ज्याचे जनुक न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने १९९४ मध्ये शोधले. साठा पुरेसा आहे, असा निरोप लेप्टिन मेंदूला देत असते. चरबी घटली की हा निरोप क्षीण होतो, जठरातून स्रवणारे घ्रेलिन वाढते, भूक बळावते आणि त्याच वेळी शरीर आपला खर्च आवरते घेते. मैदानाच्या फेऱ्या तेवढ्याच राहतात, पण हलक्या झालेल्या देहाला जेवढे उष्मांक लागायला हवेत, त्याहूनही कमी जळतात. चरबीच्या पेशी तर नाहीशा होतच नाहीत. त्या नुसत्या आक्रसतात आणि पुन्हा भरण्याची वाट पाहतात.

(दृश्य : वडापावची गाडी, कढईत सोडलेले वडे)

वजन घटवलेल्या माणसाला हा वास पूर्वीपेक्षा अधिक ओढतो, आणि ही ओढ महिन्या-दोन महिन्यांत विरत नाही. मेलबर्नच्या संशोधकांनी ५० स्थूल व्यक्तींना दहा आठवडे अत्यल्प उष्मांकांचा आहार दिला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, वर्ष उलटल्यानंतरही भुकेची संप्रेरके मूळ पातळीवर आली नव्हती. अमेरिकेत वजन घटवण्याच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ जणांना सहा वर्षांनी तपासले, तेव्हा त्यांची शरीरे विश्रांतीतही अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० उष्मांक कमी खर्च करत होती. या गाडीच्या हिशेबात साधारण दीड-दोन वडापाव.

वजनाबरोबर मधुमेह, रक्तदाब आणि गुडघ्यांची दुखणीही परततात.

(दृश्य : औषधाचे दुकान, फ्रिजमधील इंजेक्शने)

आता सेमाग्लुटाइडसारखी, आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शने आली आहेत. ती याच भुकेच्या यंत्रणेवर काम करतात आणि वजन खरोखरच उतरवतात. रक्तदाबाची गोळी बंद केल्यावर रक्तदाब चढला, तर रुग्णाच्या मनोनिग्रहाविषयी कोणी प्रवचन देत नाही. इथेही तसेच आहे. सेमाग्लुटाइड थांबवलेल्यांची पाहणी झाली, तेव्हा घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश वजन वर्षभरात परत आलेले आढळले.