मुक्या प्रेमाचे संग्राहक

श्रोतेहो, नमस्कार. आज मूकपटांतल्या प्रेमकथांविषयी, त्यातही हसवणाऱ्या प्रेमकथांविषयी बोलणार आहे.

अमेरिकन विनोदी नट हॅरॉल्ड लॉइडचा १९२४चा ‘गर्ल शाय’ घ्या. नायक शिंप्याकडे उमेदवारी करणारा, मुलगी समोर आली की चाचरणारा. आणि हा पठ्ठ्या मुलींना वश कसं करावं यावर पुस्तक लिहितोय! कुणी शिट्टी वाजवली तरच त्याची जीभ मोकळी होते. आता सांगा, आवाज नसलेल्या चित्रपटात चाचरणं दाखवायचं कसं? लॉइड ओठ, गाल, मान सगळं कामाला लावतो, आणि आपल्याला ती शिट्टीसुद्धा ऐकू आल्यासारखी वाटते. त्याच वर्षीच्या ‘द मॅरेज सर्कल’मध्ये दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिच नवऱ्याच्या मोज्याला पडलेलं भोक दाखवतो. त्या घरातला संसार कसा चाललाय, ते तेवढ्यात कळतं. बोलपटात यासाठी पानभर संवाद लागले असते, असं माझं मत.

अशा चित्रपटांमागे संग्राहक वेडे होतात, कारण ते उरलेच थोडे. लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकी ग्रंथालयाच्या २०१३च्या अहवालानुसार अमेरिकेतल्या सुमारे ११,००० मूक कथापटांपैकी मूळ रूपात संपूर्ण टिकले ते जेमतेम १४ टक्के. त्या काळची नायट्रेट या रसायनाची फिल्म भसकन पेटते आणि नीट ठेवली नाही तर कुजते. बोलपट आल्यावर स्टुडिओंना हा माल म्हणजे अडगळ. फिल्मवरच्या थरातली चांदी काढून घेण्यासाठीही कित्येक प्रती गेल्या. अभिनेत्री क्लॅरा बो हिचा १९२७चा ‘इट’ गेलाच असं सगळे धरून चालले होते. १९६०च्या दशकात त्याची प्रत सापडली ती थेट प्रागमध्ये!

कोडकने १९२३मध्ये घरी दाखवायला १६ मिलिमीटरची, सहज न पेटणारी फिल्म काढली. काही चित्रपट आज दिसतात ते अशा घरगुती, बऱ्याचदा काटछाट केलेल्या प्रतींमुळेच. म्हणून फिल्मचा मोडका डबाही संग्राहक सोडत नाहीत.

डबा उघडला की ते आधी फिल्मची कड पाहतात. कोडकच्या फिल्मवर चौकोन, त्रिकोण, वर्तुळ अशा वर्षाच्या खुणा असत. पंचाईत एवढीच, की त्या दर वीस वर्षांनी पुन्हा तशाच येत. मग ही प्रत १९२७ची की १९४७ची? त्यावर दोन संग्राहकांचं एकमत झालेलं मी तरी पाहिलेलं नाही.