सापळ्याच्या आधी जमीन

हा अमेरिकेतला वायोमिंगचा माळ. नजर जाईल तिथपर्यंत सेजब्रशची करडी झुडपं, वारा कायमचाच, आणि मधूनमधून मेंढ्यांचे कळप. कोकरं मारली जायला लागली की मेंढपाळ ट्रॅपरला, म्हणजे सापळे लावणाऱ्याला बोलावतो, कोयोटी पकडायला. कोयोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याच्याच गोतातला, फक्त अंगानं थोडा मोठा.

आता गंमत बघा, चांगला ट्रॅपर आला की सापळा, म्हणजे मातीत पुरायचा, पाय पकडणारा चाप, गाडीतच ठेवतो. आधी नुसता चालतो.

कोयोटीला पण आपल्यासारखीच सोपी वाट आवडते, काटेरी झुडपातून कशाला जाईल, तो गाडीच्या चाकोरीनं जातो, कोरड्या ओढ्यातून जातो, आणि डोंगराची धार ओलांडायची असेल तर जिथे खिंड खाली उतरलीय तिथूनच. म्हणून दोन चाकोऱ्या मिळतात ती जागा, कुंपणाचा कोपरा, गवत संपून झुडपं सुरू होतात ती कड, हे सगळं बघत जायचं.

इथे वाका जरा. धुळीत हा ठसा. लांबट, चार बोटं, नखं सरळ पुढे. कुत्र्याचा ठसा जास्त गोल आणि फाकलेला असतो. आणि ही बघा वाटेच्या मधोमध विष्ठा, त्यात सशाचे केस. म्हणजे ही त्याची रोजची वाट.

तरी सापळा बरोब्बर वाटेवर नाही लावायचा. इथे वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो, मग वाट उत्तर-दक्षिण असेल तर सापळा वाटेच्या पश्चिमेला काही पावलांवर, म्हणजे आमिषाचा वास वाऱ्याबरोबर वाटेवर येतो आणि हा चालता चालता थबकतो, नाक वर करतो, वळतो. वारा चुकला तर दहा फुटांवरून निघून जाईल, त्याला पत्ताही लागणार नाही.

थंडीत अजून एक भानगड. दिवसा ओली झालेली माती रात्री गोठते आणि सापळा दगडासारखा जाम. त्यामुळे दक्षिणेकडं तोंड असलेला, ऊन खाणारा उतार बरा, माती कोरडी राहते.

आणि काही जागा कितीही चांगल्या दिसल्या तरी सोडायच्याच, हे मी ठासून सांगतो. जिथे लोक कुत्री फिरवतात ती वाट नको. मेलेल्या जनावराच्या अगदी जवळ नको, वरून सोनेरी गरुड उतरतो आणि त्याचाच पाय अडकतो. तारेच्या कुंपणाला लागून नको, अडकलेला जीव तारेत गुंतून हाल होतात.

संध्याकाळ झालीय. खिंडीच्या खाली, चाकोरीच्या पश्चिमेला एक उघडा मातीचा तुकडा सापडलाय. आता कुठे गाडीतून पहिला सापळा बाहेर येतोय.